पंचेचाळीस अंशांची कसोटी

चार पट्ट्यांची चौकट म्हणजे आठ तिरके काप. प्रत्येक कोपऱ्यात दोन काप भेटतात आणि प्रत्येक काप ४५ अंशांचा असावा लागतो. समजा यंत्र दर वेळी पाव अंश कमी कापते आहे. एकट्या कापाकडे पाहून ही चूक डोळ्याला दिसत नाही, गुण्या लावूनही ती सहज सापडत नाही. चौकट जोडायला घेतली की मात्र आठही चुका एकाच दिशेने साठत जातात आणि शेवटच्या कोपऱ्यात २ अंशांची फट होऊन पुढे येतात. पट्टी ६० मिलिमीटर रुंद असेल तर तिच्या तिरक्या कापाची लांबी सुमारे ८५ मिलिमीटर भरते. त्या लांबीवर २ अंश म्हणजे ३ मिलिमीटर. मिस्त्रीच्या मापात जवळजवळ एक सूत.

बहुतेक जण इथे पुट्टी शोधतात, किंवा क्लॅम्प पिळून कोपरा जबरदस्तीने मिटवतात. दाबून मिटवलेला कोपरा आतून ताणलेला राहतो आणि पहिल्या ऋतुबदलात उघडतो. चूक शेवटच्या कोपऱ्यात दिसली, तरी ती जन्मली यंत्राच्या मांडणीत. म्हणून हे प्रकरण कापण्याबद्दल कमी आणि मांडणीबद्दल जास्त आहे. त्यात सांगायचे आहे ते एवढेच: यंत्रावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. चूक मोठी होऊन दिसेल अशी तपासणी करा, आणि जिथे जमेल तिथे एक चूक दुसरीला खोडून काढेल अशी रचना करा.

पोलादाच्या गावात लाकूड

हा विषय छत्तीसगडमधल्या भिलाईतून समजून घेण्यात अर्थ आहे. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यातला पोलाद कारखान्याचा करार १९५५ साली झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इथल्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्यानंतर देशभरातून माणसे या सेक्टरांच्या वसाहतीत आली. मुंबई-हावडा मार्गावरच नागपूरही असल्याने विदर्भातली मराठी कुटुंबेही आली आणि रुजली. भारतीय रेल्वेचे रूळ इथे तयार होतात. जोडून केलेले २६० मीटर लांबीचे रूळ इथून बाहेर पडतात. अशा गावात फिटर, टर्नर, टूल रूममधला कारागीर हा शेजारीच राहणारा माणूस असतो. व्हर्निअर कॅलिपर, फीलर गेज, डायल गेज ही नावे इथल्या घरांत परकी नाहीत.

लाकडाची बाजूही तितकीच भक्कम आहे. छत्तीसगडचा राज्यवृक्ष साल; त्याला इथे सरई म्हणतात. एके काळी रेल्वेचे स्लीपर याच लाकडाचे असत, कारण ते कठीण आणि टिकाऊ. त्याचे तंतू मात्र एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे रंधा मारताना ते उपसते आणि सुकताना तडकते. बारीक कामाला सागवान बरे, बीजाही चांगला. टालावर किंवा आरामशीनवर जा, तिथे माप इंच आणि सुतात सांगतात. इंचाचे आठ सूत. कारखान्यातला माणूस मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा विचार करतो. घराच्या मागच्या खोलीत गणपतीचे मखर, देव्हारा, अष्टकोनी चौरंग किंवा फोटोची चौकट करायला बसलेल्या माणसाला या दोन्ही सवयी जवळ आणाव्या लागतात. लाकडाला शंभरावा भाग नको, पण सूतही पुरत नाही. आपल्याला लागते ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाची शिस्त.

आधी काटकोन

पंचेचाळीस हा नव्वदाचा निम्मा. म्हणून पहिली तपासणी गुण्याची. सरळ कडेच्या प्लायच्या तुकड्यावर गुण्या टेकवून धारदार सुरीने रेघ ओढा. मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ ओढा. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर गुण्या खरा. त्या फाकल्या, तर दिसणारे अंतर खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. या तपासणीला दुसरा प्रमाणित गुण्या लागत नाही. वस्तू स्वतःच स्वतःची साक्ष देते.

४५ अंशांचा नमुना घरी करायचा तर आपल्याकडे फार जुना आधार आहे. बौधायनाच्या शुल्बसूत्रात वेदी आखण्यासाठी चौरसाच्या कर्णाचे गणित दिले आहे: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या भागाचा चौथा भाग मिळवा आणि मग या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग वजा करा. हिशेब केला तर हे गुणोत्तर ५७७ भागिले ४०८ येते. म्हणजे ४०८ मिलिमीटर बाजूचा चौरस आखला तर त्याचा कर्ण ५७७ मिलिमीटर यायला हवा, आणि खऱ्या किमतीशी याचा फरक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी आहे. १२ मिलिमीटरच्या प्लायमधून हा चौरस कापा, दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे आणि दोन्ही ५७७ आले की कोपरे काटकोनी झाले. कर्णावर कापून, कड रंध्याने सरळ केली की जन्मभर पुरेल असा ४५ अंशांचा त्रिकोण हातात येतो. कर्ण मोजताना अर्धा मिलिमीटर चुकलात तर कोपऱ्याच्या कोनात सुमारे ०.१ अंशाचा फरक पडतो. म्हणून मऊ टेपऐवजी पोलादी पट्टी वापरा आणि पट्टीच्या झिजलेल्या टोकापासून मोजण्याऐवजी १०० च्या खुणेपासून मोजून शंभर वजा करा.

यंत्राच्या मांडणीचा क्रम

घरगुती कारखान्यात सहसा छोटा टेबल सॉ असतो, किंवा सर्क्युलर सॉ उलटा बसवून केलेले टेबल. यंत्र कोणतेही असो, जुळवणीचा क्रम बदलत नाही, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते. सुरुवातीला प्लग काढा. सॉकेटचे बटण बंद करणे पुरेसे नाही.

पहिली पायरी टेबलाची. पोलादी पट्टी आडवी, उभी आणि तिरकी ठेवून खालून उजेड येतो का ते पाहा. दुसरी पायरी पात्याची: पाते आणि टेबलातली खाच समांतर हवीत. पात्याच्या एका दातावर खूण करा, तो दात पुढे आणून खाचेपासूनचे अंतर मोजा, मग पाते फिरवून तोच दात मागे नेऊन पुन्हा मोजा. तोच दात घ्यायचा, कारण पाते किंचित वाकडे असले तरी ती चूक मोजमापात येत नाही. फरक ०.१ मिलिमीटरच्या आत आला की पुढे जा. तिसरी पायरी: पाते टेबलाला काटकोनात आहे का. गुण्या पात्याच्या अंगाला टेकवा, दाताला नाही. दात अंगापेक्षा थोडे बाहेर आलेले असतात. चौथी पायरी मायटर गेजची, म्हणजे लाकूड कोनात धरून खाचेत सरकणाऱ्या आधाराची, किंवा स्लेडच्या, म्हणजे खाचेत सरकणाऱ्या फळीच्या, फेन्सची.

पात्याचा कल मोजायला हल्ली चुंबकाने चिकटणारे डिजिटल कोनमापक मिळते. ते आधी टेबलावर ठेवून शून्य करावे, मग पात्याला लावावे. त्याची खात्री साधारण ०.१ अंशाची असते. आठ कापांत तो दहावा भागही ०.८ अंश होतो, म्हणून मापक कोनाच्या जवळ नेऊन सोडते आणि शेवटचा निर्णय कापलेल्या लाकडाकडूनच घ्यावा लागतो.

पाच कापांची कसोटी

फेन्स पात्याला खरोखर काटकोनात आहे का, हे ओळखण्याची सर्वांत चांगली पद्धत पाच कापांची आहे. साधारण ४०० मिलिमीटरचा चौकोनी प्लाय घ्या. एक बाजू कापा. ती ताजी कड फेन्सला लावून दुसरी बाजू कापा, मग तिसरी, मग चौथी. पाचव्या वेळी पहिल्या बाजूवरूनच बोटभर रुंदीची पट्टी कापून काढा. फेन्समध्ये जी चूक असेल ती प्रत्येक वळणाला वाढत जाऊन या पट्टीत चौपट होऊन साठते.

पट्टीची दोन्ही टोके व्हर्निअरने मोजा. समजा एक टोक २६.४ मिलिमीटर आणि दुसरे २५.६ भरले. फरक ०.८, त्याचा चौथा भाग ०.२. म्हणजे ४०० मिलिमीटरमध्ये ०.२ मिलिमीटरची चूक, अंशांत सांगायचे तर ०.०३. फेन्स एका टोकाला खिळलेली असेल आणि तिचे दुसरे टोक ५०० मिलिमीटरवर असेल, तर ते टोक ०.२५ मिलिमीटर सरकवायचे. त्या टोकाशी एक ठोकळा पक्का बसवून फीलर गेजचे तेवढ्या जाडीचे पान ठोकळा आणि फेन्स यांच्यामध्ये धरले की हे सरकवणे अंदाजावर राहत नाही. दिशा कोणती हे ठरत नसेल तर एकदा सरकवून पुन्हा पाच काप घ्या. फरक वाढला तर उलट्या बाजूला जा.

या कसोटीचे मोल असे की साध्या व्हर्निअरने ती असा कोन पकडते, जो घरच्या कोनमापकावर वाचता आला नसता. चूक आपण मुद्दाम वाढवतो, आणि वाढलेली चूक लपत नाही.

कोन वाचू नका, बांधा

अष्टकोनी चौरंगाला २२.५ अंशांचे काप लागतात, षट्कोनाला ३० अंशांचे. नियम सोपा आहे: १८० ला बाजूंच्या संख्येने भागा. अष्टकोनात १६ काप येतात, म्हणून इथे चूक सोळापट होते आणि मायटर गेजवरची बारीक रेघ मुळीच पुरत नाही.

अशा वेळी कोन लांबीतून बांधावा. पायाला ३०० मिलिमीटर सरळ अंतर घ्या आणि त्याला काटकोनात उंची घ्या. २२.५ अंशांसाठी ती १२४.३ मिलिमीटर, ३० अंशांसाठी १७३.२, १५ अंशांसाठी ८०.४. दोन्ही टोके जोडणारी रेघ हाच तुमचा कोन. उंचीत ०.३ मिलिमीटरची चूक झाली तरी कोन ०.०५ अंशांच्या आसपासच चुकतो. टूल रूममधला साइन बार याच तत्त्वावर चालतो: ठरावीक लांबीची पट्टी, एका टोकाखाली मोजून रचलेले स्लिप गेज, आणि कोन आपोआप तयार. कोन थेट मोजणे अवघड आणि लांबी मोजणे सोपे, म्हणून कारखान्याने कोनाचे काम लांबीकडे सोपवले. घरच्या कामातही तेच करावे. असा त्रिकोण एकदा प्लायमध्ये कापून ठेवला की दर वेळी गेज त्याला टेकवून घट्ट करता येते.

एकमेकांना सांभाळणारे काप

आता या प्रकरणातली सर्वांत उपयोगी गोष्ट. खाचेत सरकणाऱ्या स्लेडवर दोन फेन्स इंग्रजी व्ही अक्षरासारख्या बसवा, टोक पात्याच्या रेषेवर आणि दोघींमधला कोन बरोबर ९० अंश. प्रत्येक पट्टीची चांगली बाजू वर ठेवून तिचे एक टोक डाव्या फेन्सवर कापा आणि दुसरे उजव्या फेन्सवर. स्लेड पात्याशी थोडी तिरकी बसली आणि डाव्या बाजूला ४४.८ अंश मिळाले, तर उजव्या बाजूला आपोआप ४५.२ मिळतात. चौकटीच्या प्रत्येक कोपऱ्यात एक डावे टोक आणि एक उजवे टोक भेटते. बेरीज पुन्हा ९०. म्हणजे फक्त काटकोन खरा ठेवायचा, आणि तो तपासायला ४०८ च्या चौरसातून कापलेल्या त्रिकोणाचा काटकोन आहेच.

याची मर्यादाही जाणून घ्यावी. कोन विषम असले की दोन कापांची लांबी सारखी राहत नाही. २५ मिलिमीटरच्या पट्टीत ०.२ अंशाने पाव मिलिमीटरचा फरक पडतो, तो पॉलिशपेपरने जातो. ६० मिलिमीटरच्या पट्टीत तोच फरक ०.६ मिलिमीटर होतो आणि कोपऱ्यात पायरी दिसते. पट्टी रुंद असेल तर ४५ अंशही नीट साधावे लागतात.

जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात सपाट धातूचे पृष्ठ तयार करण्यासाठी तीन प्लेटांची पद्धत रूढ केली. दोनच प्लेटा एकमेकींवर घासल्या तर एक फुगीर आणि एक खोलगट होऊनही त्या नेमक्या जुळतात. तिसरी प्लेट आली की ही लपवाछपवी उघड होते. त्याला चूक लपणे नको होते, म्हणून त्याने तिसरी साक्षीदार आणली. चौकटीत आपल्याला जुळणेच हवे असते, म्हणून आपण दोन चुका एकमेकींसमोर बसवतो. चूक कुठे उघडी पाडायची आणि कुठे तिला जोडीदार द्यायचा, हे ठरवणे म्हणजेच मांडणी.

लांबी आणि सरकणे

कोन अचूक असून कोपरा मिटत नसेल तर समोरासमोरच्या पट्ट्यांची लांबी मोजा. एक पट्टी मिलिमीटरभर मोठी असली तरी कोपऱ्यात फट येते आणि दोष कोनाला दिला जातो. प्रत्येक पट्टी टेपने मोजून कापू नका. फेन्सवर एक ठोकळा घट्ट बसवा आणि जोडीतल्या दोन्ही पट्ट्या त्याला टेकवून कापा. ठोकळ्याची खालची कड थोडी तासून घ्या, म्हणजे भुसा तिथे अडकून माप बिघडणार नाही.

तिरक्या कापात पाते लाकडाला बाजूला ढकलते. फेन्सवर पॉलिशपेपरची पट्टी चिकटवा आणि लाकूड क्लॅम्पने धरा. शेवटचा अर्धा मिलिमीटर स्वतंत्र हलक्या कापात काढा. टेबल सॉवर कापला जाणारा तुकडा पाते आणि त्याला समांतर असलेली रिप फेन्स यांच्यामध्ये अडकू देऊ नका. तो पात्यात आवळून अंगावर फेकला जातो. ठोकळ्याची गरज असेल तर तो पात्याच्या बराच अलीकडे लावा, म्हणजे काप सुरू होण्याआधीच लाकूड त्याच्यापासून सुटेल. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क प्रत्येक कापाला हवा.

ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांनी हाताच्या करवतीने रेघेच्या किंचित बाहेर कापावे आणि ४५ अंशांचा ठोकळा बसवलेल्या फळीवर रंधा आडवा ठेवून टोक तासावे. धारदार रंधा कागदाहून पातळ साल काढतो, आणि इतक्या बारीक दुरुस्तीची संधी यंत्रही सहजी देत नाही.

कललेल्या भिंती

कुंडी ठेवायच्या लाकडी खोक्याच्या बाजू वर पसरत जातात. तिथे गेज आणि पात्याचा कल दोन्ही बदलावे लागतात, आणि ४५ चा आकडा कुठेच चालत नाही. बाजू उभ्या रेषेपासून १५ अंश कललेल्या असतील आणि खोका चौकोनी असेल, तर गेज १४.५ अंशांवर आणि पाते ४३.१ अंशांवर लागते. हिशेब असा: गेजच्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे कलाचा साइन गुणिले अर्ध्या कोपऱ्याचा टॅन्जंट, पात्याच्या कोनाचा साइन म्हणजे कलाचा कोसाइन गुणिले अर्ध्या कोपऱ्याचा साइन. अर्धा कोपरा म्हणजे इथे १८० भागिले बाजूंची संख्या: चौकोनासाठी ४५, अष्टकोनासाठी २२.५. चांगल्या लाकडाला हात लावण्याआधी रद्दी प्लायची चार तुकड्यांची छोटी प्रतिकृती करून पाहा.

मे आणि जुलै

भिलाईत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि जूनच्या उत्तरार्धात पावसाळी दमट हवा येते. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र फुगते आणि आकसते. ८० मिलिमीटर रुंद सागवानी पट्टीतला ओलावा ५ टक्क्यांनी वाढला असे धरा. आडव्या फाळक्याच्या लाकडात ती सुमारे पाऊण मिलिमीटर फुगते. लांबी तीच आणि रुंदी वाढलेली, म्हणून ४५ अंशांचा काप ४५.२६ चा होतो. एका कोपऱ्यात दोन्ही मिळून अर्धा अंश. उन्हाळ्यात तंतोतंत कापलेली चौकट पावसात बाहेरच्या टोकाला मिलिमीटरभर उघडते, आणि पावसात केलेली चौकट उन्हाळ्यात आतल्या बाजूला उघडते. नंतर उघडलेली फट कोणत्या बाजूला आहे यावरून लाकूड फुगले की आकसले, हे ओळखता येते.

उपाय तीन. चौकटीची पट्टी अरुंद ठेवा. रुंदी निम्मी केली की फटही निम्मी होते. टालावरून आणलेले लाकूड, वस्तू जिथे राहणार त्याच खोलीत काही आठवडे हवेशीर रचून ठेवा आणि मगच कापा. आणि कोपऱ्यात आडवी खाच पाडून तिच्यात पातळ पट्टी बसवा, कारण तिरक्या कापाचे टोक तंतूंच्या तोंडाने डिंक शोषून घेते आणि नुसता जोड कमजोर राहतो. फेविकॉलचा पहिला पातळ हात देऊन काही मिनिटे थांबावे, तो आत मुरू द्यावा आणि मग दुसरा हात देऊन जोडावे.

मांडणीही हवेसोबत सरकते. प्लायची स्लेड, लाकडी फेन्स, ४०८ चा त्रिकोण या सगळ्यांची वर्षातून दोनदा फेरतपासणी करा: पहिला पाऊस स्थिरावल्यावर आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर. पाच कापांच्या पट्टीवर तारीख आणि फरक लिहून ठेवा. चार-सहा पट्ट्या जमल्या की तुमचे यंत्र कोणत्या दिशेने घसरते हे कळेल आणि पुढची दुरुस्ती निम्म्या वेळात होईल. आणि प्रत्येक नव्या कामाआधी रद्दी लाकडाची एक छोटी चौकट कापून, डिंक न लावता, सपाट टेबलावर जुळवा. शेवटचा कोपरा बोटांच्या हलक्या दाबाने मिटला तरच सागवान हातात घ्या. मिटला नाही, तर पट्टी घासत बसू नका. काटकोनापासून तपासणी पुन्हा सुरू करा.